गच्चीवीराची पावलं

१

सोमवारी सकाळी साडेनऊला साहेब टपालबाईंच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातांत एक लाकडी पेटी होती आणि चेहऱ्याचा रंग पार उडाला होता.

"बाई, चोरी झालीय," ते म्हणाले. "आणि चोरीचा माल गेले दोन दिवस घरोघरी वाजतोय."

टपालबाईंनी हातातला कागद अलगद खाली ठेवला. त्यांची खोली म्हणजे एक टेबल, एक खिडकी, तीन ट्रे आणि पुठ्ठ्याचं एक खोकं. ट्रेवर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: कौतुक, तक्रार, सूचना. यांपैकी कशातच न बसणारं सगळं खोक्यात जाई. त्यावर लिहिलं होतं, 'उरलेलं'. गेली चौदा वर्षं बाई या गेम बनवणाऱ्या कंपनीत चाहत्यांच्या प्रतिक्रिया वाचत होत्या. आधी ती शाईची पत्रं असत, आता संगणकावर येत. पण पडद्यावर वाचलेलं बाईंना खरं वाटत नसे. त्या सगळं छापून घेत आणि पेन्सिलीनं खुणा करत वाचत.

गेले दहा दिवस त्यांना मान वर करायला सवड नव्हती. 'गच्चीवीर' परत आला होता. गच्चीवरून गच्चीवर, पत्र्यावरून पत्र्यावर धावत दुष्टांना लोळवणारा हा वीर. त्याच्या गेमच्या चार भागांवर एक अख्खी पिढी शाळेला दांड्या मारत वाढली होती. पंधरा वर्षांनी कंपनीनं तो पहिल्यापासून नव्यानं घडवून आणला आणि चाहत्यांनी पहिल्याच दिवशी कंपनीचं डोकं खाल्लं. चित्रं सुरेख आहेत, मारामारी फक्कड आहे, पण पावलं? 'हा पत्र्यावर धावतोय की उशांवर?' एकानं विचारलं होतं. दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'जुना धावायचा तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला वर यायचे. नवा धावतो तेव्हा मलाच झोप येते.' तक्रारीचा ट्रे दिवसातून दोनदा उपसावा लागे.

मग शुक्रवारी संध्याकाळी गेमचं अपडेट गेलं, आणि शनिवारी उजाडताच कौतुकाचा ट्रे ओसंडून वाहू लागला. पावलं परत आली होती! 'मी खुर्चीवर चढून ओरडलो. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, तो आला!' एका आजोबा झालेल्या चाहत्यानं लिहिलं होतं, 'जन्मात कधी चालला नाही, नुसता धावला आणि उडाला, तोच हा आमचा गच्चीवीर. त्याचा पाय मी झोपेतही ओळखीन.'

"तोच तर घोळ आहे," साहेब खुर्चीत कोसळत म्हणाले. "ही जुनी पावलं आहेत. आणि जुनी पावलं या पेटीत आहेत."

पेटीच्या झाकणावर कागदाची पट्टी होती. पट्टीवर दोन सह्या होत्या आणि दोन्ही टोकांना लाखेचं सील. सहीला सही जुळत होती. सील कुठंही तडकलेलं नव्हतं.

गच्चीवीर दोन भावांनी मिळून बनवला होता. पंधरा वर्षांपूर्वी ते भांडले. करार झाला: नाव आणि वीर थोरल्या भावाकडे, म्हणजे साहेबांकडे, जुनी ध्वनिमुद्रणं पेटीत बंद. दोघांच्या संमतीवाचून ती कुणी वापरायची नाहीत. थोरल्यानं वापरली, तर गच्चीवीर धाकट्याचा.

"धाकट्यानं काल गेम ऐकला. आज पाच वाजता वकील घेऊन येतोय अशी चिठ्ठी आलीय," साहेब म्हणाले. "अपडेटमध्ये आवाज कुणी टाकला हे उघड आहे. आमच्या आवाजवालीनं. तिला मी कामावरून कमी केल्याचं पत्र दिलंय. पाचपर्यंत तिनं खुलासा केला नाही तर सहाला तिनं बाहेर पडायचं. ती तोंड उघडत नाहीये. तुमच्याजवळ बोलते ती. तुम्ही विचारून बघा."

"मी?" बाई दचकल्या. "साहेब, मी आपली वाचणारी..."

"चाहत्यांचं काय बिनसलंय ते तुम्हालाच बरोबर कळतं," साहेब म्हणाले. "बघा तर खरं. सील न फोडता आतला आवाज बाहेर आला कसा?"

२

आवाजवाली आपल्या खोलीत वायरींची भेंडोळी करत बसली होती. सामान आवरताना माणूस दुःखी दिसतो. ही रागावलेली दिसत होती.

"बाई, तुम्हाला पाठवलं ना त्यांनी? या, बसा. त्या स्टुलावर नको, ते डगमगतं."

बाई नेमक्या त्याच स्टुलावर बसल्या होत्या. त्या उठल्या आणि उभ्याच राहिल्या. "मी चुकत असेन तर सांग हं," त्या हळूच म्हणाल्या. "ती पावलं तू गेममध्ये घातलीस?"

"घातली."

"पेटीतून काढून?"

"बाई, मी चोरी केलेली नाही." तिनं भेंडोळं टेबलावर आपटलं. "हे मी साहेबांना सकाळपासून पाच वेळा सांगितलंय. ते म्हणतात, मग आणलीस कुठून? ते मी सांगणार नाही."

"का बरं?"

"शब्द दिलाय."

"कुणाला?"

आवाजवालीला हसू फुटलं. "छान विचारता हो तुम्ही! ते सांगितलं तर शब्द कसला राहिला?"

बाई ओशाळल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर एक कागद चिकटवला होता; त्यावर चाहत्यांच्या तक्रारीतली वाक्यं तिनं स्वतः उतरवून घेतली होती. 'उशांवर' या शब्दाखाली लाल रेघ होती.

"तुला फार लागलं होतं का गं ते?"

"लागणारच की. नवी पावलं मी केली होती. तीन महिने खपले, बाई. वीस प्रकारचे बूट, नऊ प्रकारचे पत्रे. स्वच्छ, खणखणीत आवाज! आणि लोक म्हणाले, मेलेला आहे." तिनं त्या लाल रेघेकडे पाहिलं. "आणि त्यांचं बरोबर होतं. खरी पावलं मी पहिल्यांदा हेडफोनमध्ये ऐकली ना, तेव्हा अंगावर काटा आला. तेव्हाच ठरवलं, नोकरी गेली तर गेली, हा आवाज लोकांना ऐकवायचाच. पण म्हणून ती जावी असं थोडंच आहे? असं काम मला दुसरीकडे कोण देणार? चोर म्हणून इथून गेले तर दारातसुद्धा उभं करणार नाहीत."

"मग सांगून टाक ना."

"पाचपर्यंत नाही," ती म्हणाली. आणि तोंडाला कुलूप लावल्यासारखी वायरींकडे वळली.

बाई जिन्यात आल्या. 'पहिल्यांदा ऐकली', ती म्हणाली होती. कुणीतरी तिला ती ऐकवली होती. म्हणजे या गोष्टीत आणखी एक माणूस होता.

३

कुलूपवाले मामा या ऑफिसातले सर्वांत जुने कर्मचारी. साऱ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत. मामा चालत आले की घोडागाडी आल्यासारखं वाटे.

"पेटी? बाई, त्या कपाटाला ऑफिसच्या गेल्या रंगकामानंतर कुणी हात लावलेला नाही. धूळ बघा म्हणावं! सकाळी साहेबांनी पेटी उचलली तर खाली तिच्याएवढा चौकोन लख्ख आणि बाकी सगळीकडे बोटभर थर. माझ्या बायकोनं बघितलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं."

"मग किल्ली कुणीच मागितली नाही?"

"कपाटाची नाही. गच्चीची मागितली होती. गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत. ती आवाजवाली आणि आपला रंगारी. हवा खायला जातो म्हणाले. म्हटलं, खा बाबांनो, फुकट आहे." मामांनी आवाज खाली आणला. "मला वाटलं, जमतंय की काय यांचं. पण बाई, वर मांजरांचा इतका धुडगूस चालला होता! पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर धडाधड धडाधड. तासभर. असल्या गोंगाटात कसलं जमतंय!"

"तुम्ही वर जाऊन पाहिलंत?"

"मी? मला मांजरांची भीती वाटते," मामा निर्मळ मनानं म्हणाले.

रंगारी म्हणजे नव्या गच्चीवीराची सगळी चित्रं काढणारा तरुण. तो साहेबांचा मुलगा. पण ऑफिसात तोही वडिलांना साहेबच म्हणे आणि घरी चुकून साहेब म्हटलं की आईच्या शिव्या खाई. बाई गेल्या तेव्हा तो पाय टेबलाखाली घेऊन गच्चीवीराच्या मफलरला रंग देत होता.

"बाई! कौतुकाचा ट्रे भरला का? माझ्या चित्रांबद्दल काही?"

"आहे ना. एकानं लिहिलंय, ढग खरे वाटतात."

"दहा दिवसांत एक ढग," त्यानं उसासा सोडला. "बाकी सगळे पायाला धरून बसलेत. माझ्या वीराला डोकंही आहे म्हणावं."

"म्हणजे पावलांवरून एवढी बोंब झाली, त्याचा तुला राग आला?"

"छे! मीच सगळ्यांत आधी बोंबललो होतो." तो उठून पाण्याची बाटली घ्यायला गेला. लंगडत गेला. त्याच्या पायांत साध्या चपला होत्या आणि उजव्या टाचेवर एक भली मोठी चिकटपट्टी.

"काय रे झालं?"

"काही नाही, नवा बूट चावला." तो चटकन बसला आणि पाय पुन्हा टेबलाखाली गेला. मग चेहरा गंभीर करून म्हणाला, "बाई, तिला काही होणार नाही. पाच वाजेपर्यंत धीर धरा. मीही तिला तेच सांगितलंय."

"पाच वाजता काय होणार आहे?"

"तेच तर मलाही नीट माहीत नाही," तो म्हणाला. आणि हे मात्र तो अगदी खरं बोलत होता, असं बाईंना वाटलं.

४

बारा वाजले. बाई खोलीत परत आल्या आणि त्यांना जे एकच काम येत होतं ते त्यांनी सुरू केलं. वाचायला बसल्या.

शनिवार-रविवारचं कौतुक सहाशे कागदांचं होतं. नाचणारे, रडणारे, मुलांना उचलून घेणारे, खालच्या मजल्यावरच्यांची आगाऊ माफी मागणारे. बाई वाचता वाचता स्वतःशीच हसत होत्या. आपण चोर शोधतोय हेही मधेमधे विसरत होत्या. त्यांना मनातून वाटतच होतं की हे काम आपलं नव्हे. कुणी चतुर माणूस असता तर एव्हाना बोटांचे ठसे वगैरे घेऊन मोकळा झाला असता.

तीनशे बाराव्या कागदावर त्यांची पेन्सिल थांबली. एका शाळकरी मुलीनं लिहिलं होतं:

'मला सगळ्यांत जास्त पाण्याच्या टाकीजवळची जागा आवडते. तिथे पहारेकरी झोपलेला असतो आणि गच्चीवीर पत्र्यावरून चवड्यांवर चालत जातो. आधी तो आवाज खोटा होता. आता खरा आहे. तो श्वास धरून चालतो असं वाटतं. मी सतरा वेळा तिथूनच गेले. पहारेकरी एकदाही उठला नाही.'

किती गोड, म्हणून बाई तो कागद कौतुकात टाकणार, तोच त्यांचा हात हवेत राहिला.

चवड्यांवर. चालत.

त्यांनी घाईघाईनं त्या आजोबांचं पत्र शोधलं. 'जन्मात कधी चालला नाही, नुसता धावला आणि उडाला.'

बाई उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. जुन्या चारही भागांत गच्चीवीराला चालताच येत नसे! मग पंधरा वर्षांपूर्वी बंद झालेल्या पेटीत चवड्यांवर चालण्याचा आवाज येईल कुठून?

सील शाबूत होतं, कारण ते फोडायची कुणाला गरजच पडली नव्हती. ही पावलं जुनी नव्हती. नवी होती. ती परवा-तेरवा कुणीतरी वाजवली होती.

आनंदानं त्या दारापर्यंत धावल्या आणि तिथंच थबकल्या. असं असेल तर मग हजारो लोकांना, खुद्द दोन्ही भावांना ती जुनीच कशी वाटली? ज्या पायांची ती पावलं होती, ते पाय आज कुठं होते?

५

"साहेब, मी चुकत असेन तर सांगा," बाई म्हणाल्या, "पण गच्चीवीराचे पाय मुळात कुणाचे?"

साहेब खिडकीशी उभे होते.

"सगळ्यांना वाटतं, कुणी कसलेला कलाकार होता. आम्हीही कधी सांगितलं नाही, लाज वाटायची." ते वळले. आज पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग दिसला. "आमच्याकडे एकच माइक होता, पत्र्याचा एक तुकडा आणि कडक तळव्यांच्या बुटांचा एक जोड. पत्रा दोन विटांवर ठेवलेला. एकट्यानं त्यावर धावायला गेलं की पत्रा उलटायचा आणि आपण पालथे. मग धाकट्यानं डोकं चालवलं. पत्रा मधे. या बाजूला मी, त्या बाजूला तो. उजवा बूट माझ्या पायात, डावा त्याच्या. खांद्यावर हात टाकायचे आणि आळीपाळीनं पाय मारायचे. उजवा माझा, डावा त्याचा."

"म्हणजे गच्चीवीर म्हणजे..."

"दोन माणसं. उजवं पाऊल जरा घाईचं, डावं जरा रुबाबात. तो जन्मापासूनच रुबाबात! धावता धावता भांडायचो आम्ही. ती गंमत आवाजात उतरली असावी. वीस बूट आणून ती येत नाही." ते हसले आणि खुर्चीत बसले. "शनिवारी मी अपडेट ऐकलं, बाई. खरं सांगू? दार लावून तासभर ऐकत बसलो. मग भीती वाटली."

"हे आणखी कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. घरातली पोरं तेवढी बघायची. माझा मुलगा आणि धाकट्याची मुलगी. शाळेतून आली की गादीवर बसून आम्हाला हसायची. भांडण झालं तेव्हा बारा-बारा वर्षांची असतील. त्यानंतर इकडचं तिकडे कुणी गेलं नाही."

बाईंनी मान डोलावली आणि निघाल्या. निघताना त्यांना एक वाक्य आठवू लागलं होतं, पण कुठलं ते कळेना. खोलीत येऊन त्यांनी पुठ्ठ्याचं खोकं जमिनीवर पालथं केलं आणि त्याच्यासमोर मांडी घातली.

'मुंगूस' असं टोपणनाव घेणाऱ्या कुण्या चाहतीची पाच पत्रं त्यात निघाली. गेम आल्यापासून जवळजवळ रोज एक. तक्रार म्हणावी तर नीट तक्रार नव्हती, म्हणून ती इथं येऊन पडली होती. 'हा एकटाच धावतोय. आमचा गच्चीवीर कधी एकटा धावला नाही.' दुसऱ्यात, 'याच्या खांद्यावर कुणाचा हात नाही.' बाईंना वाटलं होतं, मुलगी कविता करत असेल.

कविता नव्हती ती. ही मुलगी गादीवर बसून हसलेली होती.

आणखी एक गोष्ट बाईंच्या लक्षात आली. पाच पत्रं लिहिणाऱ्या मुंगसानं गुरुवारनंतर एक अक्षर लिहिलं नव्हतं. साऱ्या चाहत्यांनी आनंदानं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा हीच तेवढी गप्प होती.

खाली दारावरची घंटा वाजली. पाचाला दहा मिनिटं होती. खिडकीतून त्यांना एक उंच गृहस्थ रुबाबात जिना चढताना दिसले. त्यांच्यामागून काळा कोट घातलेली एक तरुणी येत होती, हातात कागदांची पिशवी घेऊन.

ती लंगडत होती.

६

बैठकीच्या खोलीत टेबलाच्या मधोमध पेटी होती. एका बाजूला साहेब आणि रंगारी. दुसऱ्या बाजूला धाकटे साहेब आणि त्यांची वकील. वकील म्हणजे त्यांची मुलगीच. आवाजवाली दाराशी उभी होती, खांद्यावर सामानाची थैली घेऊन. चहा द्यायच्या निमित्तानं मामा आत आले होते आणि चहा देऊन झाला तरी गेले नव्हते.

दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता एकाच पेटीकडे बघत होते.

"माझ्या अशिलाचं म्हणणं असं आहे..." मुलगी सुरू झाली आणि अडखळली. "बाबा, मी तुम्हाला दोन दिवस सांगायचा प्रयत्न करतेय..."

"नंतर," धाकटे साहेब म्हणाले. "आधी त्यांनी कबूल करावं. आवाज टाकणारी त्यांच्या नोकरीत आहे, अपडेट त्यांचं आहे. हे आमचे पाय आहेत. माझा डावा पाय मला कळत नाही होय?"

"मला काही माहीत नाही," साहेब भिंतीला म्हणाले. "जिनं केलं तिला मी काढलंय."

रंगारी उठायला लागला, तेवढ्यात टपालबाई कधी नव्हे ते मोठ्यानं बोलल्या. स्वतःच्याच आवाजाला त्या दचकल्या.

"मी चुकत असेन तर... नाही. मी चुकत नाहीये. हे वाचते."

त्यांनी शाळकरी मुलीचं पत्र वाचलं. सतरा वेळा टाकीजवळून गेल्याचं ऐकून मामा "शाब्बास!" म्हणाले.

"साहेब," बाई धाकट्यांकडे वळल्या, "पेटीत चवड्यांवर चालण्याचा आवाज आहे का हो?"

धाकट्यांच्या कपाळावर आठी पडली. "नाही. तो चालायचाच नाही. पण धावण्याचाच आवाज बारीक केला असेल यांनी. संगणकावर काय होत नाही!"

"धावताना टाच आपटते. चवड्यांवर टाच टेकतच नाही. आहे तो आवाज कितीही बारीक केला तरी त्यातली टाच कुठं जाणार?" बाईंनी आवाजवालीकडे पाहिलं. तिनं नकळत मान हलवली. "म्हणजे पेटीतला आवाज पेटीतच आहे. ही पावलं नवी आहेत. गुरुवारी दुपारी वाजवलेली, आपल्याच गच्चीवर, पंपाच्या खोलीवरच्या पत्र्यावर."

"मांजरं!" मामा ओरडले.

"दोन मांजरं, मामा."

"पण पाय आमचेच आहेत!" दोघे भाऊ एकदम म्हणाले. आणि एकदम म्हटलं म्हणून दोघांनीही तोंडं फिरवली.

"तुमचे नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता अजिबात थरथरत नव्हता. "तुमच्या घरचे आहेत. नवा बूट चावला तर दोन्ही पायांना चावतो. रंगाऱ्याच्या एकट्या उजव्या टाचेला पट्टी आहे. असं कधी होतं? एकाच पायात बूट असेल तेव्हा. मग मला दुसरा बूट कुणाच्या पायात होता ते हवं होतं. आत्ता जिन्यात कळलं." त्या वकील मुलीकडे बघून हसल्या. "डावी टाच दाखवता का, मुंगूस?"

मग रंगाऱ्यानं उजवा पाय उचलून टेबलावर ठेवला, आणि वकीलबाईंनी डावा.

"मला घट्ट होता," तो म्हणाला.

"मला ढगळ," ती म्हणाली. "बाबा, आम्ही तीन वर्षं भेटतोय. नवा गेम आला आणि त्याची पावलं ऐकून आम्हा दोघांनाही राहवेना. जुना बाजार धुंडाळून कडक तळव्यांचा जोड आणला. हिनं मामांची नजर चुकवून मला गच्चीवर नेलं आणि माइक धरला. आणि आमचं नाव कुणाला सांगायचं नाही असा आम्ही हिच्याकडून शब्द घेतला, कारण तुम्हा दोघांना आम्ही भेटतो हे कळलं असतं तर आकाश कोसळलं असतं. तुम्ही चोरीच समजाल, हिच्या नोकरीवर येईल, असं वाटलंच नाही. मी पाचच्या आत तुम्हाला सांगते म्हणाले होते. तुम्ही ऐकाल तर ना! गाडीतसुद्धा तुम्ही गेमच ऐकत होता."

धाकटे साहेब त्या पट्टीकडे बघत राहिले. "वकील म्हणून काय सल्ला आहे तुझा?" ते शेवटी म्हणाले.

"करारात ध्वनिमुद्रणं लिहिलीयत," ती म्हणाली. "पाय लिहिलेले नाहीत. आपली बाजू साफ पडते."

७

मग धाकटे साहेब मुलीला म्हणाले, "पण तू डावा पाय उचलून आपटतेस. मी कधी आपटला नाही. मी ठेवायचो."

"आपटायचास," साहेब म्हणाले.

पंधरा वर्षांत भावाशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द होता. धाकट्यांनी मान वळवली.

"ठेवायचो."

"आपटायचास! तिसऱ्या भागात तू इतका आपटलास की वीट फुटली."

"वीट तुझ्या घाईनं फुटली. तुला प्रत्येक उडी पाव क्षण आधी मारायची असायची."

"आणि तुला उशिरा! वीर पडून मेला असता तुझ्या भरवशावर!"

दोघेही उठून उभे राहिले. रंगाऱ्यानं आणि मुंगसानं एकमेकांकडे पाहिलं. दोघं गादीवर बसल्यासारखी खुदखुदू लागली. हात टाकायला खांदा जवळ होता, पण भावांना ते एवढ्यात जमणार नव्हतं. भांडण मात्र अगदी सफाईनं सुरू झालं होतं, जणू मधे कुणी चहा प्यायला उठलं होतं इतकंच.

"माझं काय?" दारातून आवाज आला.

आवाजवालीनं कामावरून कमी केल्याचं पत्र टेबलावर ठेवलं. साहेबांनी खिशातून पेन काढलं, पत्रावर आडवी रेघ मारली आणि 'रद्द' असं लिहिलं.

"नुसतं रद्द नको," ती म्हणाली. "कारण लिहा."

साहेबांनी लिहिलं: 'चोरी झाली नव्हती.' त्यांनी टोपण लावायच्या आत धाकट्यांनी पेन काढून घेतलं. "आरोप मूळचा माझा आहे, पुढचं मी लिहितो." त्यांनी खाली लिहिलं: 'आणि जे झालं ते फार सुंदर झालं.' मग दोघांत 'फार' हा शब्द हवा की नको यावरून जुंपली.

आवाजवालीनं पत्र ओढून घेतलं, वाचलं, घडी घातली आणि खांद्यावरची थैली खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कामाचा होता.

"बाई, सूचनांच्या ट्रेमध्ये सध्या काय आहे?"

"ओला पत्रा," बाई म्हणाल्या. "एकशे चाळीस जणांनी लिहिलंय. पावसातल्या गच्चीवर अजून उशाच वाजतात."

"बरोबर. तो पावसाचा भाग परवा संध्याकाळपर्यंत व्हायला हवा. मला एक उजवा पाय लागेल आणि एक डावा."

चार माणसांनी एकाच वेळी तोंड उघडलं.

"एकेक करून," ती म्हणाली. "नुसतं सांगून कुणाला घेणार नाही. परीक्षा होईल. साहेब असो, साहेबांचा मुलगा असो, माझ्याकडे वशिला चालत नाही. मामा, गच्चीची किल्ली द्या आणि दोन बादल्या पाणी वर आणा."

"वर मांजरं..." मामा म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले.

दहा मिनिटांनी टपालबाई धापा टाकत गच्चीवर पोचल्या. उन्हं कलली होती. पत्रा दोन विटांवर ठेवला होता आणि त्यावरून पाणी ओघळत होतं. दोन्ही भाऊ मोजे काढून, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे त्यांची मुलं होती. नंबर आधी कुणाचा यावरून कुजबुज चालली होती. आवाजवालीनं हेडफोन कानांवर चढवला, माइक पत्र्याजवळ नेला आणि बोट ओठांवर ठेवलं.

"पुढचा," ती म्हणाली.